चौथा मंगळवार

मोहोळवाडी, ता. खानापूर
२९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

परशराम यास,

वर आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण तो आत्ता लिहीत नाही. आधी मला तुझ्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवं आहे, आशीर्वादाचं मग बघू.

सख्खा भाऊ असून फोन तू माझा उचलत नाहीस. आणि इथे रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी जावं लागतं, तिथे अर्धं गाव कान लावून बसलेलं असतं. म्हणून पत्र. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे. कडेला कुठे उचकटलेलं दिसलं तर कळव, म्हणजे माझी पत्रं मधल्या मधे कोण वाचतो ते समजेल.

बुधवारी सकाळी आपल्या रानाकडच्या शेतात बिबट्याची मादी फासकीत सापडली. डुकरं शिरून शिरून कुंपणाला खिंडार पडलं आहे ना, तिथेच. जिवंत होती. कमरेत तार रुतली होती. शेजारचा शामू गवताला गेला होता, तो आरडाओरडा करत आला, मग सगळा गाव पळाला. मी पोचले तेव्हा तिच्याभोवतीची जमीन गोल उकरली गेली होती आणि रताळ्याचे वेल मुळासकट उपटून पडले होते. एवढी माणसं जमली, पण ती गुरगुरलीसुद्धा नाही. नुसती रानाकडे तोंड करून पडून होती. खानापूरहून फॉरेस्टची गाडी आली, बेळगावहून डॉक्टर आले, तिला सुई मारून बेशुद्ध केली आणि पिंजऱ्यात घालून नेली.

मंगळवारी शेतात कोणी फिरकलं नव्हतं. शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगते, येत्या उन्हाळ्यात लक्ष्मीची यात्रा आहे, त्यासाठी गावाने पाच मंगळवार पाळायला घेतले आहेत. सोमवारी दिवस मावळला की बुधवार उजाडेपर्यंत कोणी शेतात पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी शिवार देवीचं. हा चौथा मंगळवार होता.

आता मुद्द्याचं. गार्ड नागराजने पंचनाम्याला ती कापलेली फासकी पोत्यावर मांडली. फास स्कूटरच्या क्लचवायरचा. मागे खुंट्याला बांधलेली निळी नायलॉनची दोरी, दोन तुकडे जोडून केलेली. आणि त्या जोडाला जी गाठ होती ती मी डोळे मिटून ओळखीन. मागावर धागा तुटला की तुम्ही चिमटीत धरून मारता ती. बारीक, चपटी, ओढावी तशी आवळत जाणारी. आपल्या गावात दावी वळणारे घरोघरी आहेत, पण बेळगावात वडगावच्या पॉवरलूमवर वीस वर्षं काढलेला माणूस एकच, आणि तो तू.

तर सांग, तू गावात कधी येऊन गेलास? शामू म्हणतो, दिवाळीनंतर एक पांढरी गाडी ओढ्यापर्यंत येऊन उभी होती. नंबर केए तेवीस, म्हणजे चिकोडी-निपाणीकडची. आत दोघे होते, उतरून रानाकडच्या शेतांचे फोटो काढत होते. त्यांना वाट कोणी दाखवली? आईच्या वर्षश्राद्धाला ‘शेत विकून टाकू या’ हे शब्द तुझ्याच तोंडून निघाले होते, मी विसरलेले नाही. पलीकडच्या माळावर ते रिसॉर्ट झाल्यापासून शनिवार-रविवार डोंगर दणाणतो. खरकटं ओढ्यात ओततात, त्यावर डुकरं आणि भटकी कुत्री पोसली गेली, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबटे आपल्या कुंपणापर्यंत आले. आता बिबट्याचं भय आहे तोवर कुठलं गिऱ्हाईक जमिनीला हात लावणार? मग बिबट्या नसलेला कोणाला बरा, ते मला कळत नाही असं समजू नकोस.

तुझं नाव मी अजून नागराजला सांगितलेलं नाही. उत्तराची आठ दिवस वाट बघेन.

जया


मोहोळवाडी
५ डिसेंबर २०२४, गुरुवार

परशराम यास,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. ‘आक्का, मी आलतो न्हाय. तू शेताकडं एकदा नीट बघून घे.’ आणि तेही उघडं पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावं अशीच तुझी इच्छा. शेताकडे नीट बघून घे म्हणजे काय? ही धमकी समजू की सल्ला? दोन वर्षं शेत मी एकटी बघते आहे. नवरा गेल्यावर माहेरी आले तेव्हापासून त्या मातीत माझे हात आहेत. तू वर्षातून एकदा येणार, रताळी पोत्यात भरून नेणार, आणि मला सांगणार शेताकडे बघ!

आठ दिवस म्हटलं होतं, पण तेवढा धीर मला राहिला नाही. मी नाव सांगितलं.

परवा नागराज आला आणि कट्ट्यावर बसला. चहा घेतला. मग म्हणाला, “नोड्री, बघा आक्का, दोष कुणाला द्याय आलो न्हाई. ही गाठ आमच्यातल्या कुणाला जमंना. कुणाची असंल म्हणून इचारायलोय.”

“माझा भाऊ मागावर होता,” मी म्हटलं.

“नाव?”

“परशराम. वडगावात असतोय.”

त्याने वहीत लिहिलं. कन्नडमध्ये लिहिलं, त्यामुळे दोन शब्द लिहिले की दहा, आणि त्यात माझं नाव आलं की नाही, मला वाचता आलं नाही. मी विचारलं तर हसला आणि म्हणाला, “तुम्ही सांगितलं तेवढंच की.” या हसण्यावर मी विश्वास ठेवावा असं तुला वाटतं का?

आणखी एक जण इथे आहे, तिच्यावर तर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नाही. बेळगावची प्रियदर्शनी. फॉरेस्टबरोबर दोन महिने रानात फिरते आणि झाडांना कॅमेरे बांधते. बिबटे, वाघाटी, रानमांजरं कुठून जातात आणि कधी जातात ते बघायचं म्हणे. मांजरांच्या येण्याजाण्याचा हिशेब ठेवायला कोणी एवढं शिकतं का? मला पहिल्यापासून वाटत आलं आहे की कॅमेरे आपल्यासाठी आहेत. लाकूड कोण तोडतं, मध कोण काढतं, रानात कोण शिरतं. वर गोड बोलते, मावशी मावशी करते. मी तिला एकदा भाकरी घातली, तर तिने माझ्या हाताचा फोटो काढला. हाताचा!

आपल्या कुंपणाबाहेरच्या ऐनाच्या झाडावर तिचा एक कॅमेरा आहे, हे मला कालच कळलं. ऐनाच्या मागच्या बाजूला गुडघाभर उंचीवर बांधलेला, पानाच्या रंगाचा, दिसतच नाही. मी सहज विचारलं, “यातून शेतातलं समदं दिसतं व्हय?” ती म्हणाली, “नाही मावशी. बाहेरची पायवाट आणि खिंडार दिसतं. आतलं कारवीच्या कुडामागे झाकलं जातं. माणूस उभा असेल तर छातीच्या वरचा तेवढा दिसेल.”

सहज विचारलं होतं, हे लक्षात घे.

मंगळवारी त्या कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढून शाळेत सगळ्यांना दाखवणार आहेत. मग फासकी कोणाची ते जगासमोर येईलच. मला काय त्याचं. मी त्या सोमवारी संध्याकाळी शेतात गेले होते ती गवताला गेले होते.

जया


मोहोळवाडी
११ डिसेंबर २०२४, बुधवार

परशराम,

आधी हे सांगते की ती मादी मेली. गेल्या शुक्रवारी. तार आत इतकी रुतली होती की आतून सगळं सडलं होतं, असं नागराज म्हणाला. मी त्याला विचारलं, किती दिवस त्रास झाला? तो म्हणाला, दहा. मी घरात गेले आणि उगीच भांडी घासत बसले.

काल शाळेत लॅपटॉप लावला होता. नागराज, शामू, पंच, आम्ही सात-आठ बायका. प्रियदर्शनी एकेक फोटो पुढे सरकवत होती. पहिले दोन-तीनशे फोटो नुसत्या आपल्याच माणसांचे. डोक्यावर भारे, हातात कोयते, मागे कुत्री. रिसॉर्टमधली माणसं कानात काहीबाही घालून फिरायला आलेली. मला वाटलं, बरोबरच होता माझा संशय, हे सगळं आपल्यावरच पाळत ठेवायला आहे.

मग ती म्हणाली, “आता हे बघा. ही मादी दोन महिन्यांत दिवसाउजेडी कधीच या वाटेवर आलेली नाही. तुम्ही सगळे घरी गेलात की मग निघते आणि तुम्ही उठायच्या आत घळीत परत. दिवसभर पिल्लू घेऊन तिथेच दबून बसते. पूर्वी असं नव्हतं असं तुमचेच म्हातारे सांगतात. माणसांची वर्दळ वाढली तशी ती आपली वेळ मागे मागे सरकवत गेली.”

शामू म्हणाला, “मग डॉक्टर म्हनलं तशी फासकीत दिवसाची कशी गावली?”

तिने पुढचा फोटो काढला. पाच नोव्हेंबर, मंगळवार. सूर्य मावळतीला, आणि ती पायवाटेवर उभी, कान ताठ, एक पाय उचललेला. बारा नोव्हेंबर, मंगळवार, दुपारचे चार. मागे पिल्लू. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार, भर बारा वाजता. परशराम, ती ऐनाखालच्या कातळावर उन्हात पाय पसरून पडली होती आणि पिल्लू तिच्या शेपटीशी खेळत होतं. तिच्या पोटावरचे ठिपकेसुद्धा मोजता आले असते.

मग मीच विचारलं, “मंगळवार हाय हे तिला कुणी सांगितलं गं?”

“कोणी नाही मावशी. सोमवारी संध्याकाळपासून माणसाचा आवाज नाही, धूर नाही, कुत्री नाहीत. पहिल्यांदा भीत भीत आली. काही झालं नाही. मग दुसऱ्यांदा जरा लवकर आली. तिला हा दिवस कळला होता.”

शामूची बायको हात जोडून म्हणाली, “देवीचाच दिवस की त्यो.”

मग सव्वीस तारीख, चौथा मंगळवार. सकाळचे सात चाळीस. ती खिंडारात शिरताना पाठमोरी. त्यानंतरच्या फोटोंत ती नाही. नुसतं पिल्लू. खिंडाराबाहेर बसलेलं. आठ वाजता, दहाला, एकला, चारला. तिथेच. पाचव्या मंगळवारी, तीन तारखेला, पिल्लू भर दुपारी एकटंच आलं आणि कातळाचा वास घेत हिंडलं. प्रियदर्शनीने तिथे लॅपटॉप थांबवला आणि चष्मा पुसला. मी तिच्याबद्दल जे जे मनात आणलं होतं ते मला आठवलं.

आणि शेवटी तो फोटो. पंचवीस नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळचे पाच पन्नास. कुडाच्या वर एक पाठमोरं माणूस, वाकून उठतानाचं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. अंगात चौकडीचा शर्ट, डाव्या खांद्यावर ठिगळ.

शामूच बोलला. “जयाक्का, ह्यो परशरामचा शर्ट न्हवं? ते ठिगळ बघ की. तुमच्या म्हातारीनं शहापुरी लुगड्याचा काठ लावून शिवलतं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नागराज पण. मी मान हलवली.

त्यांनी ती ‘व्हय’ अशी घेतली.

तू म्हणशील, तो शर्ट मी दोन वर्षांपूर्वीच घरी टाकून गेलो. टाकून गेला असशील. मला काय सगळं लक्षात राहतं? तुला बोलावणं येईल. विचारतील त्याचं उत्तर विचार करून दे, घाईने काही बोलू नकोस. तुझ्या त्या दोन ओळी मी पुन्हा वाचल्या. शेताकडे एकदा नीट बघून घे. तुला काय म्हणायचं होतं, ते जरा स्पष्ट लिहायला काय झालं होतं?

ती पांढरी गाडी शामूच्या जमिनीसाठी आली होती. आज तोच पारावर सांगत होता.

जया


मोहोळवाडी
१६ डिसेंबर २०२४, सोमवार

परशराम,

आत्ता नागराज येऊन गेला. गाडी लावली पण कट्ट्यावर बसला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, “तुमच्या भावानं कबूल केलं आक्का. सायबांनी फोटो म्होरं ठेवला. त्यो लई वेळ बघत बसला. मग म्हनला, व्हय, मीच हाय. फासकी माझीच. कुणी संगट न्हवतं.” जाताना म्हणाला, बिबट्याची केस आहे, जामिनाचं लवकर काही होणार नाही, वडगावात तुझ्या बायकोला कळवलं आहे.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तुझं हे ऐकून पहिलं माझ्या मनात काय आलं असेल? यात याचा काय डाव? उद्या मला सांगेल, तुझ्यापायी तुरुंगात गेलो, आता शेत दे. चुलीपुढे बसून हाच विचार केला आणि भात करपला. करपल्याचा वास आला तेव्हा उठले, आणि खुंटीकडे लक्ष गेलं. खुंटीवर तुझा शर्ट.

तू फोटोत शर्ट बघितला नाहीस. मला बघितलंस. टॉवेल मी आईसारखा उजवीकडे खोचते, हे या गावात दुसऱ्या कोणाला माहीत आहे?

तर आता ऐक. शेतात जाताना आम्ही बायका लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवतो. काटे लागत नाहीत, ऊन लागत नाही. नवऱ्याचा नाहीतर भावाचा. कारवीच्या कुडाने माझं लुगडं झाकलं आणि तुझा शर्ट तेवढा वर राहिला. शाळेत बसलेल्या एकूण एक बाईच्या खुंटीवर असा शर्ट आहे. पण बोलली एकही नाही. शामूची बायको माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असेल असं मला वाटतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

फासक्या मी लावल्या होत्या. सात. श्राद्धाच्या दिवशी आपलं भांडण जमिनीवरून झालं असं मी गावभर सांगितलं. आधी ते फासक्यांवरून झालं होतं. दांडीवर धुणं वाळत घालायला म्हणून मी तुझ्याकडून निळी दोरी मागवली, आणि तू कुंपणाशी गेलास तर ती खुंट्यांना बांधलेली. तू म्हणालास, “आक्का, ह्यात डुकराबरोबर दुसरं कायबी अडकंल. काढून टाक.” मी म्हणाले, तू मागावर सावलीत बस आणि रताळी डुकरं खाऊ देत, नाही का. तेव्हा तू चिडून म्हणालास, मग विकूनच टाकू या शेत. मी तेवढंच धरून ठेवलं, बाकीचं सोडून दिलं.

आणि गाठ. पहिल्या पत्रात लिहिलं की ती येणारा माणूस गावात एकच. दोघं आहेत. आई आजारी होती तेव्हा खाटेशी बसून तूच मला शिकवलीस. चिमटीत धर, वरून घे, खालून काढ. मला तीन दिवस जमली नाही आणि तू हसलास. बुधवारी पोत्यावर ती गाठ बघितली तेव्हा पहिलं माझं नाव मनात आलं. ते मी तिथेच दाबलं आणि तुझं पुढे केलं. मला तेव्हा इतकं सोपं वाटलं ते.

त्या सोमवारी मी गवताला गेले नव्हते. फासक्या काढायला गेले होते. बिबट्याची दया येऊन नाही, खोटं कशाला लिहू. प्रियदर्शनी त्या आठवड्यात कुंपणाकडेने चालत जाणार असं ऐकलं, म्हणून. सहा सापडल्या, त्या चुलीत घातल्या आणि तारा घरामागच्या परड्यात पुरल्या. खिंडारातली सातवी वेलांखाली गेली होती. हाताने चाचपत होते तेवढ्यात देवळातला ढोल वाजला. दिवस मावळला, वार लागला. मग शेतात थांबायचं नाही. मी बाहेर आले. म्हटलं, डुकराने तोडून नेली असेल. नसेल तर बुधवारी काढू. एक दिवसाने काय होतं? उद्या तर कोणी शेतात जाणारच नाही.

कोणी जाणार नाही म्हणूनच ती आली, परशराम. आपण मागे सरलो तेवढी जागा तिला मिळाली होती, आणि नेमका त्याच दिवशी मी तिथे फास ठेवून आले.

अजून एक आहे. मंगळवारी दुपारी मी परड्यात होते. रानाकडून आवाज आला. म्हशीचा नव्हता. मला माहीत होतं तो म्हशीचा नव्हता. मी शिवेच्या दगडापर्यंत गेले. तिथून खिंडार हाकेवर आहे. दगडाशी उभी राहिले, वार मोडला तर यात्रेला विघ्न येईल, गाव काय म्हणेल, असं स्वतःला सांगितलं आणि परत फिरले. खरं म्हणजे तिथे काय दिसेल त्याची मला भीती वाटली. वार पाळला असं म्हणायला मिळालं, ते बरंच वाटलं. तेव्हा आवाज दिला असता तर कदाचित ती वाचली असती. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी कळवलं असतं तर बघता आलं असतं. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्याकडे बघून नाही. तरी मला वाटलं माझ्याकडेच बघून.

कार्डावर तू लिहिलंस, शेताकडे नीट बघून घे. आणखी राहिली असेल तर काढ, एवढंच तुला म्हणायचं होतं. पहिल्या पत्रातूनच तुला सगळं कळलं होतं. आणि उघड्या कार्डावर यापेक्षा जास्त लिहिलं असतंस तर मी पकडले गेले असते. मी त्याला धमकी म्हटलं.

रविवारी पूर्ण कुंपण हाताने चाचपून बघितलं. आता काही नाही. खिंडार बुजवलं नाही, तसंच ठेवलं आहे. पिल्लू त्याच वाटेने जातं, असं प्रियदर्शनी म्हणाली. डुकरं शिरतील. शिरू देत.

हे पत्र आज टाकत नाही. तुझा पत्ता आता वडगावचा राहिलेला नाही.

जया


खानापूर बसस्टँड
१७ डिसेंबर २०२४, मंगळवार, सकाळी

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद.

गावाचे पाच मंगळवार झाले. हा सातवा, पाळायची कोणाला सक्ती नाही, पण सकाळी शेतावरून न येता वरच्या रस्त्याने आले. शामूची बायको एसटीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, “खांदा उसवलाय बघ,” आणि पदराला खोचलेली दोऱ्याची सुई काढून तिथल्या तिथे दोन टाके घातले. शर्ट अंगातच होता.

पिशवीत निळ्या दोरीचे दोन तुकडे आहेत. धुण्याच्या दांडीचे, कापून आणले. फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात साहेबांच्या टेबलावर ठेवीन आणि त्यांच्यासमोर गाठ मारून दाखवीन. ती नीट बसते, सकाळी तीनदा मारून बघितली.

हे पत्र आणि कालचं, दोन्ही नागराजच्या हाती तुझ्याकडे पाठवते. पाकीट चिकटवलेलं नाही. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

तू आता माझ्यासाठी आणखी काही बोलू नकोस. साहेबांनी विचारलं तर खरं आहे तेवढंच सांग. गाठ तू शिकवलीस, फासकी मी लावली.

तुझी,
जयाआक्का